वाशीचा अर्ज आणि अडुसष्ट टक्के बॅटरी

मल्हार देवकते गुरुजींचं कॉम्प्युटरवर काही अडतं, असं म्हणणारा माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात सापडला नसता! गुरुजी रीतसर प्रमाणपत्र मिळालेले 'तंत्रस्नेही शिक्षक' होते. ते प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून सास्तूरच्या शाळेत अशा जागी टांगलं होतं, की पाणी प्यायला जाणाऱ्याला ते वाचूनच पुढं जावं लागे. आसपासच्या कुठल्याही शाळेत प्रिंटर अडला, प्रोजेक्टर रुसला, की फोन गुरुजींना. गुरुजी जागेवरूनच सांगायचे, "बंद करा आणि परत चालू करा." दहापैकी सात वेळा ते चालू व्हायचं. उरलेल्या तीन वेळा ती वस्तूच मुळात भिकार होती, असा निकाल गुरुजी देऊन टाकायचे.

यंदा बदल्यांचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले तेव्हा तर त्यांनी कमालच केली. आपल्या लॅपटॉपवर अकरा शिक्षकांचे अर्ज भरून दिले! बाराव्यानं विचारलं, "आणि सर, तुमचा?"

"माझं काय हो! दहा मिनिटांचं काम."

वाचकहो, या दहा मिनिटांवर त्या माणसाचा संसार लटकलेला होता. गुरुजींची बायको अयोध्या, तीही शिक्षिकाच, त्याच जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका शाळेत होती. सास्तूर जिल्ह्याच्या या टोकाला आणि वाशी त्या टोकाला. मधे तीन एसट्या आणि पाच तास! सहा वर्षं गुरुजी शनिवारी दुपारी निघत, रात्री पोचत आणि रविवारी जेवणाचं ताट बाजूला सारून परत फिरत. मुलगी प्रतीक्षा आईजवळ होती. तिला वर्गात विचारलं, "वडील काय करतात?" तर ती म्हणाली, "एसटीत बसतात." वर्ग हसला. गुरुजींना हे कळलं तेव्हा तेही हसले, पण त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

म्हणून यंदा काही झालं तरी वाशी तालुका गाठायचाच! अर्ज एकट्या गुरुजींनी करायचा, अयोध्यानं जागचं हलायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं होतं. गुरुजींनी तीस शाळांचा रंगीत तक्ताच केला होता. कुठली शाळा अयोध्याच्या घरापासून किती लांब, रस्ता डांबरी का मातीचा, मुख्याध्यापक तापट का थंड, अशा चौदा रकान्यांचा अभ्यास! या अभ्यासात मुदतीचे पंधरा दिवस गेले आणि उरला मार्चमधला शेवटचा शनिवार. मुदत संध्याकाळी सहापर्यंत.

शनिवारची सकाळची शाळा करून गुरुजी खोलीवर आले, तर लाईट नव्हती. त्यांचे घरमालक महालिंगप्पा दारातच बसले होते. भूकंपानंतर मिळालेल्या घराला त्यांनी मागं दोन पत्र्याच्या खोल्या जोडल्या होत्या, त्यातली एक गुरुजींची.

"लाईनचं काम हाय म्हनं गुरुजी. संध्याकाळशिवाय लाईट न्हाय."

"असू द्या अप्पा. लॅपटॉपला बॅटरी असते."

लॅपटॉप उघडला. अडुसष्ट टक्के! गुरुजी गालात हसले. त्या लॅपटॉपला दोन महिन्यांपासून एक खोड लागली होती खरी. चार्जरची वायर जोडलेली असली की तो दिवसभर बिनतक्रार चाले. वायर काढली की मनाला येईल तेव्हा बंद पडे. पण अडुसष्ट टक्के म्हणजे काय थोडे झाले!

साडेबाराला गुरुजींनी बाजेवर बैठक मारली. मोबाइलवरून इंटरनेट जोडलं, ओटीपी टाकला, बदलीचं पान उघडलं. नुसत्या मोबाइलवर ते पान धड उघडतच नसे. पहिली पसंती त्यांनी अयोध्याच्याच शाळेला दिली. तिथून सहा वर्षांत कुणी हललं नव्हतं आणि हलण्याची चिन्हंही नव्हती, पण मागायला काय जातंय! दुसरी शाळा, तिसरी, चौथी... आठवी निवडली आणि झप्प! पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात गुरुजींना स्वतःचं उघडं तोंड तेवढं दिसलं.

परत चालू केला. सदुसष्ट टक्के! परत ओटीपी, परत पहिल्यापासून, कारण तीसही शाळा भरल्याशिवाय जतन करायचं बटण उजळतच नव्हतं. पाचव्या शाळेला झप्प!

"काय झालं गुरुजी?" अप्पा आत डोकावले.

"तांत्रिक अडचण आहे अप्पा."

"मेलं का?"

"मेलं न्हाय हो! बंद पडलं."

"आमची म्हस बी आधी बंदच पडली होती," अप्पा म्हणाले आणि शेजारी येऊन बसले.

गुरुजींनी लॅपटॉपच्या पोटाला हात लावून पाहिला. गरम! निदान झालं. "उष्णता! तापल्यामुळं बंद पडतोय."

अप्पांची बायको दैवशालाकाकू हे ऐकून लगबगीनं गोणपाट भिजवून घेऊन आल्या. "माठाला गुंडाळते तसं गुंडाळा. दोन घटकेत गार होतंय बगा." गुंडाळणं गुरुजींना पटेना, पण ओल्या गोणपाटावर ताट पालथं घालून त्यावर लॅपटॉप ठेवायला त्यांची हरकत नव्हती. काकू वारा घालायला बसल्या. लॅपटॉप चांगला गारेगार झाला आणि अकराव्या शाळेला बंद पडला.

तेवढ्यात अयोध्याचा फोन.

"अहो, भरला का?"

"भरतोयच. अकराव्या शाळेवर आहे."

"दीड वाजला! लाईट हाय ना तिकडं?"

"लाईट नसली म्हणून काय झालं? बॅटरी आहे."

"मी इथनं भरू का तुमचा? आमच्या शाळेतला कॉम्प्युटर चालू हाय. नुसता ओटीपी सांगा मला."

आता इथं गुरुजींनी हो म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्हाआम्हाला दुसरी कामं करता आली असती. पण अकरा जणांचे अर्ज भरणारा तालुक्याचा तंत्रस्नेही शिक्षक स्वतःचा अर्ज बायकोकडून भरून घेतो, हे उद्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर गेलं तर? गुरुजी म्हणाले, "तू नको टेन्शन घेऊ. मी बसलोय ना!"

"बसलायच मगापासनं," अयोध्या म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

गुरुजींनी नवं निदान केलं. धूळ! आत धूळ बसली असणार. अप्पांनी लगेच पाठीवरचा फवारणीचा पंप आणला, हवेचा झोत मारणारा.

"अप्पा, यात औषध तर न्हाय ना?"

"परवाच धुतलाय."

अप्पांनी पंप सुरू केला. लॅपटॉपच्या जाळीतून आधी धूळ निघाली, मग दोन मुंग्या निघाल्या, आणि शेवटी खोलीभर कसलातरी उग्र वास सुटला. काकू पदर नाकाला लावून बाहेर पळाल्या. गुरुजींना सहा शिंका आल्या. लॅपटॉप मात्र सुरू झाला, एवढ्या खणखणीत आवाजात की अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. चौथ्या शाळेला झप्प!

"गुरुजी, आता माझं ऐका," अप्पा म्हणाले. "हा सगळा खेळ बॅटरीचा हाय. रेडिओचे सेल उतरले की आमी काय करायचो? उन्हात ठेवायचो! घंटाभर ऊन खाल्लं की परत गाणी सुरू."

"अप्पा, ते सेल वेगळे. ही लिथियमची बॅटरी आहे."

"ऊन तर तेच हाय ना?"

 खरं सांगायचं तर त्यांनी लहानपणी स्वतः टॉर्चचे सेल उन्हात ठेवले होते आणि ते चालले होते. दोन वाजून गेले होते आणि प्रमाणपत्रात या दुखण्यावर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली आणि शिडी लावून पत्र्यावर ठेवली. पत्र्यावर काकूंनी जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी बॅटरीही वाळत पडली.

"अर्धा तास फक्त," गुरुजींनी बजावलं आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे, दर दहा मिनिटांनी मोबाइल. मोबाइलची बॅटरीही इंटरनेट देऊन देऊन तिशीवर आली होती. अडीचला ते शिडीवर चढले आणि वरूनच ओरडले, "अप्पा! बॅटरी न्हाय!"

"न्हाय म्हंजी?"

"बॅटरी न्हाय, कुरडया न्हाईत, साडी बी न्हाय!"

गुरुजींच्या तोंडून 'बी' निघाला म्हणजे प्रकरण गंभीर होतं. शोधाशोध सुरू झाली. काकू घरात नव्हत्या. मगाशी वावटळ उठली तेव्हा त्यांनी साडीची चारी टोकं धरून कुरडयांचं गाठोडं बांधलं होतं आणि ते गाठोडं डोक्यावर घेऊन त्या गल्लीच्या टोकाला बहिणीकडं गेल्या होत्या, निम्म्या कुरडया तिला द्यायला! गुरुजी आणि अप्पा तिथं पोचेपर्यंत वाटणी होऊन डबे बंद झाले होते. काकूंच्या डब्यात बॅटरी निघाली नाही. बहिणीच्या डब्यात तळाशी निघाली.

"मला वाटलं काळी कुरडई कुठनं आली," बहीण म्हणाली, "पण म्हनलं ताईनं दिलीय तर असंल काईतरी."

बॅटरी पुसून बसवली, लॅपटॉप चालू केला. बाहत्तर टक्के! मगाशी साठ होते.

"बगितलं?" अप्पा गरजले. "बारा टक्के उन्हानं दिले!"

गुरुजींचे डोळे विस्फारले. विज्ञान की काय ते राहू द्या बाजूला, असं त्यांनी मनात म्हटलं आणि भराभर शाळा निवडायला घेतल्या. पाच, दहा, पंधरा, सतरा... झप्प!

 यावेळी गुरुजी बाजेवर आडवे झाले आणि पत्र्याकडं बघत राहिले. साडेतीन वाजले होते. वाशीची गाडी यंदाही चुकली, आणखी किती शनिवार जातील कोण जाणे, असं त्यांना वाटून गेलं. 

अप्पांनी त्यांचा खांदा हलवला. "उठा गुरुजी. शेतात लाईट हाय. या आठवड्यात आमची दिवसाची पाळी हाय, मोटारीची. पेटीजवळ प्लग हाय बल्बचा. वायर घ्या संगं."

गुरुजी ताडकन उठले. हे आधी का सुचलं नाही! सहा वर्षं या गावात राहून गावातली लाईट वेगळी आणि शेतातली वेगळी, एवढी साधी गोष्ट तंत्रस्नेही माणसाच्या ध्यानात आली नव्हती. अप्पांची मोटारसायकल, मागं लॅपटॉप छातीशी धरून गुरुजी, असे दोघं शेतावर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. मोटारीची पेटी लिंबाला ठोकलेली. खाली खत भरलेली पोती. गुरुजींनी एका पोत्यावर बसून दुसऱ्यावर लॅपटॉप ठेवला आणि चार्जर जोडला.

काय सांगावं! लॅपटॉप नुसता पळत सुटला. इंटरनेट मात्र शेतात कासवाच्या गतीनं येत होतं. एकेक शाळा उघडायला दोन दोन मिनिटं. तरी पाच वाजेपर्यंत बावीस शाळा झाल्या. गुरुजी घामानं निथळत होते आणि हसत होते. तेवढ्यात शेजारच्या तीन उसवाल्यांनी एकदम मोटारी सुरू केल्या. लांब डीपीवर, म्हणजे लाईटच्या ट्रान्सफॉर्मरवर, फाट्कन आवाज झाला, मोटार घरघरून थांबली, आणि लॅपटॉप? त्याच क्षणी झप्प!

"फ्यूज उडाला. बसा तुमी, म्या आलोच तार घालून," म्हणून अप्पा निघाले.

डीपी पाचशे पावलांवर. अप्पांची पांढरी टोपी बांधावरून जाताना गुरुजींना दिसत होती. अर्ध्या वाटेत ती थांबली. समोरून गावातला गप्पिष्ट धोंडप्पा आला होता! टोपी हलेना. गुरुजी पोत्यावर उभे राहून ओरडले, हात हलवले. अप्पांनीही हात हलवला, प्रेमानं. मग दोघं खाली बसले. गुरुजी धावत सुटले आणि धापा टाकत पोचले, तर धोंडप्पा आपल्या मेव्हण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगत होता आणि नुकता पहिल्याच गुडघ्यावर होता.

"अप्पा! सहाला बंद होतंय!"

"व्हय की! चला, चला," अप्पा उठले. धोंडप्पाही उठला आणि दुसरा गुडघा सांगत सांगत बरोबर निघाला.

पाच पस्तीसला गुरुजी परत पोत्याजवळ आले. मोबाइल तीन टक्के. डीपीवर अजून काही होत नव्हतं. तेव्हा त्यांचा सगळा ताठा गळून पडला. प्रमाणपत्र गेलं उडत! त्यांनी अयोध्याला फोन लावला.

"अयोध्या, माझ्याच्यानं होत न्हाय. लॅपटॉप गेला, शेतातली लाईट बी गेली. आता अर्ज तूच भर! ओटीपी मी तुला..."

एवढं बोलून झालं आणि मोबाइलनं मान टाकली.

गुरुजी लिंबाखाली उभे राहिले, एका हातात मेलेला लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात मेलेला मोबाइल घेऊन. पाच पंचेचाळीसला मोटार अचानक धडधडली. लाईट! गुरुजींनी लॅपटॉपला चार्जर लावला, मोबाइल लॅपटॉपला लावला, आणि दोन्ही जिवंत होईपर्यंत खंडोबाला चार वेळा हाक मारली. पाच पन्नासला मोबाइल उठला. ओटीपी आला. खंडोबाच्या कृपेनं इंटरनेटही आता पळत होतं. तक्ता बघायला वेळ कुणाला होता! पहिली अयोध्याची शाळा ठरल्याप्रमाणं ठेवली आणि खालच्या एकोणतीस जागी वाशी तालुक्यातल्या हाताला लागतील त्या शाळा. मातीचा रस्ता, तापट मुख्याध्यापक, सगळे चालतील! पाच अठ्ठावन्नला शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: अर्ज सादर झाला.

"झाला!" गुरुजी असे ओरडले की मोटारीच्या पाण्यावर आलेले बगळे उडाले. त्यांनी धावत येणाऱ्या अप्पांना मिठी मारली, धोंडप्पालाही मारली. अयोध्याला कळवायला मोबाइल उचलला, तोच डीपीवर पुन्हा फाट्कन! सगळं पुन्हा झप्प! पण आता काय फिकीर होती! गुरुजी मोटारसायकलवर मागं बसून घरापर्यंत गात आले.

गावात सातला लाईट आली. मोबाइल जरा चार्ज झाल्याबरोबर गुरुजींनी फोन लावला.

"अयोध्या, झालं! भरला अर्ज!"

पलीकडं काहीतरी खण्णकन खाली पडलं.

"ऐकू येतंय का? दोन मिनिटं राहिली होती, भरला!"

"तुमी भरला?" अयोध्याचा आवाज बारीक झाला. "मग मी काय भरला?"

"तू काय भरलास?"

"तुमीच म्हनला ना, तूच भर! ओटीपी सांगायच्या आधी फोन बंद. दहा वेळा लावला. ओटीपीवाचून तुमचा अर्ज उघडंल कसा? मग मी माझाच भरला. म्हनलं तुमी येऊ शकत न्हाय तर मीच येते. पहिली सास्तूर टाकली आन् खाली लोहारा तालुका वरनं खालपर्यंत. अकरा मिनिटांत झाला."

"अकरा मिनिटांत?" गुरुजींना आधी तेच लागलं. मग बाकीचं कळलं आणि ते लॅपटॉपकडं धावले.

अर्ज मागं घेता येईना, पान सहालाच बंद झालं होतं. गुरुजींनी कागदावर आकडेमोड करून स्वतःची आणि बायकोची समजूत घातली. "हे बघ, तुझ्या शाळेत जागा रिकामी न्हाय, सास्तूरला बी न्हाय. फार तर तुला लोहाऱ्यातली दुसरी कुठलीतरी मिळंल, न्हाय तर मला वाशीतली. दोन्ही एकदम व्हायला काय आपलं नशीब एवढं जोरावर हाय का?"

पुढचे दोन महिने मात्र दोघांनाही चैन पडलं नाही. यादी लागावी का लागू नये, हेच त्यांना ठरवता येईना. मे महिन्यातल्या एका दुपारी यादी मोबाइलवर आली. गुरुजींनी बोट सरकवत नाव शोधलं. मल्हार देवकते: पसंतीक्रमांक एक! अयोध्याची शाळा! सहा वर्षांत जिथून कुणी हललं नव्हतं, तिथं जागा झाली कशी?

त्यांनी बोट आणखी खाली सरकवलं. अयोध्या मल्हार देवकते: पसंतीक्रमांक एक. सास्तूर.

फोन वाजला.

"बगितली का यादी?" अयोध्या म्हणाली. "मी हलले म्हनून माझी जागा तुमाला मिळाली."

"आणि मी हललो म्हणून माझी तुला," गुरुजी म्हणाले.

 एकमेकांजवळ राहायचं म्हणून दोघं आपापल्या जागेवरून उठले होते आणि एकमेकांच्या जागेवर जाऊन बसले होते. मधले पाच तास होते तसेच होते. आणि एकदा बदली झाल्यावर आता तीन वर्षं अर्ज करता येणार नव्हता.

गुरुजींचा चेहरा बघून महालिंगप्पा जवळ आले. गुरुजींनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, कोण कुठं चाललं आणि का. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मग घराकडं तोंड करून जोरात हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? खोली रिकामी व्हत न्हाय! नुसतं मानूस बदलतंय!"